टिकलीखालचं कपाळ

१० सप्टेंबर २००६, रविवार
अल्बनी, ऑकलंड

या वहीत पुढून बिनअंड्याच्या केकची कृती आहे, म्हणून मी मागून लिहायला घेतेय. पाककृतीच्या वहीत आमच्या घरात कुणी डोकावणार नाही. यांना चहापलीकडे स्वयंपाकघरातलं काही कळत नाही, देवव्रतला ऑफिसातून सवड नाही आणि वल्लरी माझ्या वस्तूंना हात लावत नाही. सून गुणाची आहे. फार बोलत नाही, एवढंच.

सकाळी आंघोळीच्या आधी टिकली सोलून आरशावर लावली आणि बघते तर भुवयांच्या मध्ये पांढरं. आधी वाटलं साबण असेल. पुसलं, घासलं, नखाने खरवडलं. गेलं नाही. धन्याच्या दाण्याएवढा गोल ठिपका, दुधासारखा पांढरा. चटकन टिकली परत लावून टाकली.

कोड हा शब्द इथे एकदाच लिहिते. आमच्या वीजबिलाच्या ऑफिसात एक टायपिस्ट होत्या, त्यांच्या हातांवर होतं. कामात पहिल्या नंबरच्या बाई, पण डबा खाताना त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. तीस वर्षांत मीही तिथे कधी बसले नाही. आज लिहिताना लाज वाटतेय.

१४ सप्टेंबर

ठिपका वाढलाय. जुन्या टिकलीच्या कडेने पांढरी रेघ दिसायला लागली, म्हणून मटाराएवढी काढली. मरून रंगाची, मखमली. छान झाकलं गेलं. रात्री टिकली काढून आरशावर लावायची सवय वीस वर्षांची, ती आता बंद. झोपतानाही लावूनच झोपायचं. हे पहाटे उठून चष्मा लावतात आणि आधी माझ्याकडेच बघतात, त्यांना काय सांगू?

बाकी सगळं छान चाललंय. मागच्या अंगणातल्या लिंबाला इतकी लिंबं आलीत की शेजारच्या बाईंना पिशवी भरून दिली. त्या ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणाल्या. लिंबं आंबट आहेत, हे मी हातवारे करून सांगितलं. देवव्रत हसून हसून बेजार. म्हणाला, आई, ते इथे ‘झकास’ म्हणायचं असतं.

२३ सप्टेंबर, शनिवार

ओटाहुहुला जाऊन आलो. अल्बनीच्या मॉलमध्ये सगळं मिळतं, पण टिकली नाही. मी म्हटलं, हिंग संपलाय. हिंग अर्धी डबी होता, देव मला क्षमा करो. फिजीच्या बाईंच्या दुकानात हिंग, पोहे आणि टिकल्यांची पाच पाकिटं घेतली. सगळ्यात मोठ्या मागितल्या. नव्या दहा सेंटच्या नाण्याएवढ्या आहेत. वल्लरी शेजारीच उभी होती, पाकिटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नुसतं म्हणाली, “आई, तुम्हाला तर बारीक टिकली आवडते ना?”

“वय झालं की मोठी शोभते,” मी ठोकून दिलं.

गाडीत अनुष्का मागे बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. सात वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. “आजी, युअर डॉट इज गेटिंग बिगर अँड बिगर,” म्हणाली. हे मोठ्यांदा हसले. मी खिडकीबाहेर बघत बसले. वल्लरी हसली नाही. गाडी चालवताना तिचं लक्ष रस्त्यावरच असतं, ते बरंच आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

आमच्या लेकीचं, जुईचं लग्न ठरलं! इतक्या दुरून आपण काय बघणार असं म्हणता म्हणता तिचं तिनेच जमवलं. मुलगा सागर, पुण्यातच तिच्यासारखाच इंजिनियर, घर नाशिकचं. वडील नाहीत, आई आहेत. नीलांबरीताई, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. फोनवर आवाज खणखणीत. लग्न फेब्रुवारीत. यांनी इथल्याच कुठल्याशा झाडाची दोन पानं तोडून सोनं म्हणून हातात दिली.

मी श्रीखंड केलं, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः दोन घासांवर उठले.

आईला कोड असलं की लोक मुलीचं अंग तपासतात. मी स्वतः ऐकलंय, डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याच नात्यात एक ठरलेलं लग्न मुलीच्या आत्याच्या मानेवरच्या डागावरून मोडलं होतं. जुई सत्तावीस वर्षांची आहे, किती स्थळांना नको म्हणून शेवटी ही एक जागा तिच्या मनात भरली. ती माझ्या कपाळापायी गेली तर मी काय करू? डॉक्टरला दाखवायला हवं. आणि घरात कुणालाही न कळता. वल्लरीला बरोबर नेलं तर तिच्या माहेरी कळणार, तिचं माहेर नाशिकला. झालं मग.

४ ऑक्टोबर

आज एकटी क्लिनिकमध्ये गेले. चालत पंचवीस मिनिटं. शब्दकोशातून वाक्य तयार केलं होतं, कागदावर लिहून पाठ केलं होतं. इंग्रजी मला येतं, पण ते वीजबिलाचं. ड्यू डेट, डिस्कनेक्शन, काइंडली डू द नीडफुल. कपाळाचं इंग्रजी कुठून येणार?

काचेच्या पलीकडे गोरी मुलगी, हसतमुख. “किया ओरा! व्हॉट्स इट रिगार्डिंग?” म्हणाली. माझ्या मागे चार माणसं. त्यांच्यासमोर कसं सांगू? मी म्हटलं, “जनरल.” ती म्हणाली, जनरल म्हणजे काय? मी म्हटलं, “जनरल इज ओके,” आणि बाहेर आले. तीस वर्षं खिडकीच्या आत बसून मी बाहेरच्यांना ‘नीट बोला, काय काम आहे’ म्हणून खेकसले. आज बाहेरून कसं वाटतं ते कळलं. येताना कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेतलं, म्हणजे कुठे गेले होते ते सांगता येईल.

६ ऑक्टोबर

देवच पावला! रात्रीच्या जेवणात वल्लरी आपणहून म्हणाली, “आई, बाबा, इथलं ऊन फार कडक असतं. उन्हाळ्याआधी सगळे जण स्किन चेक करून घेतात. मी तुमच्या दोघांच्या वेगवेगळ्या अपॉइंटमेंट घेतल्यात. आणि आई, मी फोनवर दुभाषी पण मागितलाय. मला नेमकी मीटिंग आहे, मला आत थांबता येणार नाही. चालेल ना?”

चालेल ना काय! मला तिची मीटिंग ओवाळावीशी वाटली. मी चेहरा सरळ ठेवून म्हटलं, “बघू, जाऊ सवडीने.” तिला कशाला कळायला हवं की मला किती निकड आहे.

११ ऑक्टोबर, बुधवार

क्लिनिकच्या बाथरूममध्ये टिकली काढली. परक्या माणसासमोर टिकली सोलत बसणं बरं दिसत नाही. मोकळ्या कपाळाने बाहेर येताना अंगावर काटा आला. पण डॉक्टरांना नीट दिसायला हवं.

डॉक्टर पोरगेलासा, मऊ बोलणारा. टेबलावर फोन ठेवला, स्पीकर लावला. मराठी दुभाषी मिळाला नव्हता, हिंदीची बाई होती. तिने नाव सांगितलं नाही, नुसता नंबर सांगितला. हिंदी फिजीची होती, माझी चिंचवडची, पण दोघींनी रेटलं. डॉक्टर विचारायचा, ती हिंदीत सांगायची, मी उत्तर द्यायची, ती इंग्रजीत. पोस्टाने गप्पा मारल्यासारखं.

डॉक्टरने विचारलं, तोंडाला काही लावता का? क्रीम, पावडर, केसांचा रंग, काही औषध?

मी ठणकावून सांगितलं, “कुछ भी नहीं लगाती. पावडर भी नहीं. साबून भी सादा.” या बाबतीत मी अभिमानाने सांगू शकते. जन्मात स्नो लावला नाही.

डॉक्टरने मान हलवली, बराच वेळ भिंग धरून बघितलं. मग फोनवरची बाई म्हणाली, सफेद दाग असू शकतो, स्किनच्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवतो. मी विचारलं, “घर में आता है क्या? मतलब, बेटी को?” उत्तर यायला वेळ लागला. “कभी कभी परिवार में चलता है.”

मलम दिलंय. बाहेर येऊन आधी बाथरूममध्ये गेले आणि टिकली लावली. वल्लरी गाडीत होती, मीटिंग लवकर संपली म्हणे. काही विचारलं नाही तिने. घरी येईस्तोवर रेडिओ लावून ठेवला.

१२ ऑक्टोबर

जुईला फोन केला. कुणाशी तरी बोलायला हवंच होतं. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आई, असलं तर असलं. तू लपवू नकोस.”

मी म्हटलं, “तुला शपथ आहे. कुणाला बोलू नकोस. सागरला तर अजिबात नाही.”

“बरं,” म्हणाली.

इतक्या पटकन ‘बरं’ ती दहावीनंतर कधी म्हणाली नव्हती. मोठी झाली पोर, समजूतदार झाली.

२१ ऑक्टोबर, दिवाळी

चकल्या कुरकुरीत झाल्या. कॉलनीतल्या दोन मराठी घरांत फराळ दिला. अनुष्काने काल शाळेत करंजी नेली आणि ‘स्वीट पाय’ म्हणून सगळ्यांना वाटली. मी नवी साडी नेसले, मोठी टिकली लावली. सकाळ-संध्याकाळ मलम लावते आणि वरून टिकली, म्हणजे मलम पुसलं जात नाही.

दुपारी नीलांबरीताईंचा फोन. दिवाळीच्या शुभेच्छा, इकडचं तिकडचं. मग म्हणाल्या, “स्नेहलताताई, तब्येत बरी आहे ना? बोलायचं असेल काही तर मोकळेपणी बोला. आता आपण एका घरच्या.”

मी म्हटलं, “तब्येत एकदम ठणठणीत. अनारसे मात्र यंदा विरघळले.” आणि अनारशांवर दहा मिनिटं बोलत राहिले. त्या ऐकत होत्या. ‘हं’, ‘हं’ म्हणत होत्या. किती चांगल्या आहेत. मला स्वतःचा राग आला आणि तरीही मी बोलले नाही.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

हॉस्पिटलचं पत्र आलं. स्किनच्या डॉक्टरची वेळ पाच महिन्यांनी! तोवर लग्न होऊन जाईल. डाग आता मोठ्या टिकलीच्याही बाहेर डोकावतो आणि खाज सुटते. मलम काही कामाचं नाही. पत्र वल्लरीनेच वाचून दाखवलं. आता तिला काहीतरी आहे हे कळलंच असणार, पण ‘चामखीळ आहे’ म्हणून मी वेळ मारून नेली. तिने ते मान्य केलं. साधी आहे बिचारी.

९ नोव्हेंबर

काय नशीब म्हणायचं माझं! कुणीतरी पेशंट गळला आणि त्याची वेळ मला मिळाली, येत्या मंगळवारी. शिवाय मराठी दुभाषी, प्रत्यक्ष समोर बसणारा. वल्लरीला सांगितलं तर म्हणाली, “अरे वा, बरं झालं.” आठवडाभर रोज डब्याच्या सुट्टीत तिला कुणाला तरी फोन करायचे असतात, कामाचा ताण फार वाढलाय तिच्यावर. आज तिच्यासाठी मुद्दाम थालीपीठ लावलं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं सगळं लिहून ठेवते, एक शब्द गाळत नाही.

वल्लरीने सुट्टी घेतली. हेही आले, चामखीळ बघायला. मी दोघांना पार्किंगमध्येच थांबायला सांगितलं. हे गाडीत पेपर घेऊन बसले. वल्लरी दारापर्यंत आली आणि म्हणाली, “मी आत येत नाही आई. तुमचं तुम्ही मोकळं बोला.” बाथरूममध्ये जाऊन टिकली काढली, हरवू नये म्हणून हॉस्पिटलच्या पत्राच्या पाठीवर चिकटवली आणि पत्र पर्समध्ये घातलं. थंडी होती म्हणून स्वेटर गळ्यापर्यंत बंद केला होता.

दुभाषी म्हणजे गणेश नावाचा मुलगा. मुलगा काय, पस्तिशीचा बाप्या. साताऱ्याचा. शिकायला आला, इथेच राहिला, पापाकुराला असतो. सकाळी बेकरीत काम आणि दुपारी हे. बसल्या बसल्या त्याने घडाघडा नियम सांगितले. “काकू, या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी सांगणार. तुमचं त्यांना, त्यांचं तुम्हाला. मी काही गाळणार नाही, पदरचं काही घालणार नाही.” मला ते आवडलं. नियमाचा माणूस.

डॉक्टरबाई साठीच्या, केस माझ्यासारखेच पांढरे. नाव फिओना. त्यांनी खोली अंधारी करून निळा दिवा कपाळावर धरला. परत तेच प्रश्न. तोंडाला काही लावता का? मराठीत प्रश्न आला तरी उत्तर तेच. “काही नाही लावत. खोबरेल तेल लावते, ते केसांना.” मग घरात कुणाला आहे का, आईला, आजीला, बहिणीला? कुणाला नाही. बाई लिहायला लागल्या, आणि लिहिता लिहिता कपाळाला आठ्या. त्यांना काहीतरी जुळत नव्हतं.

गणेश माझ्याकडे बघत होता. मग अगदी हळू, आपल्या माणसासारखं म्हणाला, “काकू, काका कधी गेले?”

मला आधी कळेचना. “गेले? कुठे गेले?”

“नाही म्हणजे… तुमचं कपाळ…”

माझं डोकंच सणकलं. “अरे मेल्या, गाडीत बसलेत ते! पेपर वाचताहेत! जिवंत माणसाला मारतोस?” मी स्वेटरचं बटण तोडूनच मंगळसूत्र बाहेर काढलं. “टिकली काढलीय मी, इथे बाथरूममध्ये. डॉक्टरांना दिसावं म्हणून!”

फिओनाबाईंनी पेन थांबवलं. काय झालं, म्हणाल्या.

गणेश लालबुंद. त्याने एकदा दाराकडे बघितलं, मग सगळं सांगितलं. स्वतःचा आगाऊ प्रश्नसुद्धा. नियम म्हणजे नियम. ‘मेल्या’चं काय केलं कोण जाणे, पण बाईंचे ओठ हलले. तो सांगत सांगत टिकलीपर्यंत आला तेव्हा त्या एकदम पुढे झुकल्या.

“काय काढलं त्यांनी? ती लावायची असते?”

“रोज लावायची असते,” गणेश म्हणाला.

“पण त्या तर म्हणाल्या, काही लावत नाही.”

त्याने मला विचारलं. मी चिडूनच म्हटलं, “टिकली म्हणजे लावणं आहे का? साडी नेसते, ती काय लावते? टिकली असतेच!”

“दाखवा,” बाई म्हणाल्या.

मी पत्र काढलं. पाठीवर ती मरून टिकली. बाईंनी पत्र तसंच उचलून माझ्या कपाळाजवळ धरलं आणि छोटा आरसा माझ्या हातात दिला. टिकलीचा आणि डागाचा गोल एकच होता. बाहेरच्या कडेला नुसती एक बारीक पांढरी किनार.

मग प्रश्नांची सरबत्ती. किती वर्षं? चाळीस, पण पूर्वी कुंकू, ही चिकटणारी गेली वीस वर्षं. मोठी कधीपासून? मी सांगितलं, आधी धन्याएवढी, मग मटाराएवढी, मग ही. मोठी का केली? “डाग झाकायला.” दिवसाचे किती तास? “आता चोवीस.” आणि मलम? “टिकलीच्या खाली.”

गणेशने हे सगळं सांगितलं तेव्हा फिओनाबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या म्हणाल्या, काही टिकल्यांच्या गोंदात एक द्रव्य असतं, ते काही जणींच्या कातडीचा रंगच घालवतं. पुस्तकात वाचलं होतं, समोर पहिल्यांदा बघतेय. खात्री करायला पाठीवर चाचणी करू. आजपासून कपाळाला काहीही लावायचं नाही. ‘काहीही’ म्हणताना त्यांनी टिकलीवर बोट ठेवलं.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण खरं सांगते, आधी स्वतःला दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं. ज्याने जखम होत होती तेच मी वर चिकटवत होते, दर आठवड्याला मोठं मोठं करून.

निघताना गणेशने वाकून नमस्कार केला. “काकू, चुकलं. हे विचारायचं नसतं आम्ही.”

“विचारलंस म्हणून तर कळलं, बाळा,” मी म्हटलं. “पण काका आहेत हां. चल, दाखवते.”

आणि खरंच दाखवले. हे गाडीतून उतरले, माझं मोकळं कपाळ बघितलं आणि जागच्या जागी थांबले. मग तिथेच पार्किंगमध्ये मी सगळं सांगून टाकलं, वल्लरीच्या देखत. कोडाचं भय, जुईचं लग्न, सगळं. यांनी पेपराची घडी घातली. म्हणाले, “दोन महिने एकटीच घाबरत बसलीस? मला सांगायचं नाही?”

“तुम्हाला मोकळं कपाळ दिसलं असतं तर?”

“अगं, मी बीपीच्या गोळीवर जगतो, तुझ्या टिकलीवर नाही.”

वल्लरी मला जवळ घेऊन रडली. इतकी हळवी असेल असं वाटलं नव्हतं. तिला धक्काच बसला असणार, इतक्या दिवसांत तिला काही कल्पनाच नव्हती.

२० नोव्हेंबर

पाठीवर टिकल्यांचे तुकडे आणि आणखी कसले कसले ठिपके चिकटवून वरून पट्ट्या मारल्यात. शुक्रवारपर्यंत पाठीला पाणी नाही. अनुष्का म्हणते, “आजी, यू आर अ लेडीबर्ड.” मला हसू आलं. घरात मोकळ्या कपाळाने वावरते. आरशासमोर अजून बिचकते, पण बिचकून झालं की चहा करते.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

गोंदाच्या जागी पाठ लालभडक, बाकी ठिकाणी काही नाही. नर्सने दोन आरसे धरून दाखवलं. गणेश होताच. फिओनाबाई म्हणाल्या, हे घराण्यात चालणारं नाही, हा गोंदाचा प्रताप. रंग सहा महिन्यांत, वर्षात येईल, कदाचित पूर्ण येणारही नाही. पण मुलीला यातलं काही लागणार नाही. मी गणेशला म्हटलं, शेवटचं वाक्य पुन्हा सांग. त्याने सांगितलं. म्हटलं, अजून एकदा. बाईंना न विचारता त्याने तिसऱ्यांदाही सांगितलं. तेवढा नियम त्याने मोडला.

म्हणजे फेब्रुवारीत वधूमाय मांडवात पांढऱ्या डागाने उभी राहणार. लोक बघणार आणि कुजबुजणार. तर आता नीलांबरीताईंना सांगायला हवं, आणि आता सांगायला काय हरकत आहे? जीव भांड्यात पडलाय. पोटभर जेवले.

२६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी साडेचारला फोन केला, तिकडे सकाळचे नऊ. सगळं रंगवून सांगितलं. हिंदीचा फोन, निळा दिवा, गणेशचा प्रश्न. त्या खळखळून हसल्या. ‘काका कधी गेले’ला तर त्यांना ठसका लागला. मी म्हटलं, “तर ताई, लग्नात माझ्या कपाळावर दिसेल ते कोड नाही. डॉक्टरांनी लिहून दिलंय. तुम्हाला कागदच पाठवते.”

“कागद नको,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “एक विचारू? राग नाही ना यायचा?”

“विचारा की.”

“कोडच निघालं असतं, तर मला सांगितलं असतंत?”

मी उभी होते ती खाली बसले. हो म्हणणं अगदी सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या टायपिस्ट बाईंची रिकामी खुर्ची डोळ्यांसमोर आली आणि मला खोटं बोलवेना.

“नाही,” मी म्हटलं. “नसतं सांगितलं. टिकली लावूनच आले असते.”

मला वाटलं, संपलं. आपल्याच तोंडाने घालवलं.

मग त्या म्हणाल्या, “जुईने सागरला सांगितलं, त्याच दिवशी त्याने मला सांगितलं होतं. दिवाळीच्या आधीची गोष्ट. आईला कोड आहे म्हणून.”

“मग तुम्ही… काही बोलला नाहीत?”

“तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. अनारसे ऐकले, दुसरं काय. आणि स्नेहलताताई, लग्नाच्या पत्रिका मी त्यानंतरच्या आठवड्यात छापायला टाकल्या. तुम्हाला कोड आहे असं धरूनच टाकल्या.”

मी पदराने नाक पुसलं.

“रडताय काय?” त्या म्हणाल्या. “बोला आता. परदेशातून फोन आहे.”